आमापन की अमाप?

प्रश्न असा : एका विज्ञानपुस्तिकेत ‘उंदरांच्या नमुन्यांतील संप्रेरकांचे प्रतिरक्षा-आमापन’ असे वाचले (इंग्रजीत हॉर्मोन्सचा ‘इम्युनोअ‍ॅसे’). ‘आमापन’ हा शब्द ‘अमाप’वरून आला का? आणि साधे ‘मोजणी’ म्हटले तर काय बिघडते?

दोन्ही शब्दांत ‘मा’, म्हणजे मोजणे, हा एकच संस्कृत धातू आहे. ‘अमाप’मधला अ नकाराचा, ‘आमापन’मधला आ हा उपसर्ग. अर्थ एकमेकांच्या उलट आणि फरक एका कान्याचा! भर व्याख्यानात कुणी ‘संप्रेरकांचे आमापन’ म्हटले, की मागच्या बाकावर ‘अमाप संप्रेरके’ ऐकू जाणारच. शब्द घडवणाऱ्याने तो एकदा मोठ्याने म्हणून पाहायला हवा होता.

‘मोजणी’ मात्र नको. मोजणी नोटांची होते, शेताची होते. इथे थेट काहीच मोजले जात नाही. कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाचे उदाहरण घ्या. प्लेटला ९६ छोटे खळगे असतात. त्यांत प्रतिपिंडे (अँटीबॉडी, ठरावीक पदार्थाला चिकटणारी प्रथिने) मोजकीच असतात आणि त्यांना चिकटायला दोन दावेदार : नमुन्यातले संप्रेरक आणि बाहेरून घातलेले, रंग उमटवणारी खूण लावलेले तेच संप्रेरक. नमुन्यातले जास्त असेल तर खूणवाल्याला जागा मिळत नाही आणि रंग फिका येतो. (नवखे इथेच फसतात. गडद म्हणजे जास्त, असे डोळ्यांना वाटत राहते.) शेजारच्या खळग्यांत ठाऊक प्रमाणाची द्रावणे असतात. त्यांच्या रंगाशी ताडून आकडा काढायचा.

हे तर सराफाचे काम झाले. काळ्या दगडावर दागिन्याची रेघ, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ. इंग्रजीतला ‘अ‍ॅसे’ही धातू पारखण्याच्या धंद्यात रुळलेला. आपल्याकडे ‘कष्’ म्हणजे घासणे, त्यावरून कस, कसोटी, बावनकशी.

मग ‘संप्रेरकाचा कस’ म्हणावे का? तेही नाही. जमिनीचा कस म्हणजे तिची ताकद. संप्रेरकाची ताकद तपासायची ती जुनी रीत वेगळी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये अ‍ॅशहाइम आणि झोंडेक बाईची लघवी माऊसच्या कोवळ्या माद्यांना टोचून त्यांच्या बीजकोशात काय बदल होतो ते पाहत, आणि गर्भ राहिला की नाही ते सांगत. तिथे ‘कस’ चपखल बसतो. १९६०मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी माणसाच्या रक्तातले इन्शुलिन मोजले ते मात्र प्रतिपिंडांच्या आधाराने, किरणोत्सारी खूण लावून. प्रतिपिंड संप्रेरकाचा आकार ओळखते, त्याचे कर्तृत्व नाही.

म्हणजे घासून पाहायचा दगड तो प्रतिपिंड. म्हणून मी ‘प्रतिपिंड-कसोटी’ म्हणेन. प्रयोगशाळेत ‘इम्युनोअ‍ॅसे’च म्हणतात, त्यालाही माझी हरकत नाही.

खरा घोळ त्या वाक्यात सुरुवातीलाच आहे : ‘उंदीर’. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीरच. शिवाय ‘उंदरांचे नमुने’ म्हणजे नमुन्यादाखल ठेवलेले उंदीर की त्यांचे रक्त, हेही कळत नाही. आणि संप्रेरकाचे नाव हवेच. ताणाचे मुख्य संप्रेरक माणसात कॉर्टिसॉल, पण या दोन्ही प्राण्यांत कॉर्टिकोस्टेरॉन. माणसासाठीचा कॉर्टिसॉलचा किट इथे वापरला, तर आकडा आला तरी तो कशाचा, हा प्रश्न उरतो.

प्राणी रॅट, नमुना रक्तातले सीरम आणि संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन असेल, तर पुस्तिकेतले वाक्य मी असे लिहीन : ‘रॅटच्या सीरममधील कॉर्टिकोस्टेरॉनचे प्रमाण प्रतिपिंड-कसोटीने काढले.’