नायट्रोजन तापवायला आरगॉनपेक्षा जास्त उष्णता का लागते?

आकारमान कायम ठेवून 1 मोल (म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या) आरगॉन 1 केल्विनने तापवायला सुमारे 12.5 जूल पुरतात, नायट्रोजनला 20.8 लागतात. फरक वाटणीचा आहे. आरगॉनचा अणू एकटा, त्याला फक्त तीन दिशांतली धाव. नायट्रोजनचा रेणू डंबेलसारखा, त्यामुळे तो धावता धावता दोन अक्षांभोवती गिरक्याही घेतो. टकरींमधून तीन धावा आणि दोन गिरक्या अशा या पाचही खात्यांत ऊर्जा सरासरी सारखीच पडते. तापमान ठरतं ते एका खात्यातल्या सरासरीवर, एकूण बेरजेवर नाही; म्हणून तेवढ्याच तापमानवाढीसाठी आरगॉनची तीन खाती भरावी लागतात, नायट्रोजनची पाच.

मग रेणूतल्या दोन अणूंमधल्या बंधाच्या कंपनाचं काय? खोलीच्या तापमानाला ते जवळजवळ गोठलेलं असतं, कारण पुंजवादानुसार कंपन ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनीच घेतं आणि त्याची पहिली पायरीच फार उंच. (कंपनाचा वाटा मोजमापात का दिसत नाही, हे कोडं एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेललाही छळत होतं.) हायड्रोजन तर आणखी मजेशीर: 60 केल्विनच्या आसपास त्याच्या गिरक्याही जवळपास बंद पडतात आणि तो आरगॉनसारखा वागतो.