अमेरिकेत अपघाताच्या भरपाईचे मासिक हप्ते चालू आहेत. ते विकून एकरकमी पैसे घ्यावेत का?

आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा, दरमहा १,००० डॉलर अजून १० वर्षं यायचेत, म्हणजे एकूण १,२०,०००. विकत घेणाऱ्या कंपनीने पुढच्या हप्त्यांची आजची किंमत काढताना वर्षाला १५ टक्के दराने कपात केली, तर हातात पडतात जेमतेम ६२,०००. त्यातून वकिलाची फी वगैरे कापली तर आणखी कमी. जाहिरातीत हा दर ठळक दिसत नाही, म्हणून तो लेखी मागा. आणि एकाच कंपनीवर थांबू नका, तीन-चार ठिकाणी भाव काढा.

शारीरिक इजेच्या भरपाईचे हप्ते करमुक्त असतात. एकरकमी पैसे गुंतवलेत, तर त्यांच्या व्याजावर मात्र कर लागतो. हे बरेच जण विसरतात.

व्यवहाराला कोर्टाची आधी मंजुरी लागते. २००२ च्या कायद्यानुसार ती नसेल तर हप्त्यांची बेरीज आणि तुम्हाला दिलेले पैसे यांच्यातल्या फरकावर कंपनीला ४० टक्के कर बसतो. व्यवहार तुमच्या आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या हिताचा आहे का, हे न्यायाधीश बघतात.

घर जप्तीला आलंय किंवा क्रेडिट कार्डाचं २५ टक्के व्याज गळ्याशी आलंय, तर विका. पण गरजेपुरतेच, दोन-तीन वर्षांचे हप्ते. सगळे विकायलाच हवेत असं नाही. नवी गाडी घ्यायचीय? मग मी तरी हात लावणार नाही.