शॉर्ट लिंक न उघडता ती कुठे नेते हे कसं बघायचं?

तुम्ही विचारलंय की आईच्या महिला संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गृहलक्ष्मीचा (कर्नाटक सरकारच्या महिलांना पैसे देणाऱ्या योजनेचा) थकलेला हप्ता मिळवा' असा मेसेज आलाय, वरचा मजकूर कन्नडमध्ये, खाली दोन ओळी मराठी आणि शेवटी बिट डॉट एलवायची शॉर्ट लिंक, म्हणजे खरा लांब पत्ता झाकणारी छोटी लिंक. ती न उघडता तपासता येते का? येते, मोबाईलवरच येते.

लिंकला नुसता स्पर्श करू नका. मेसेज दाबून धरा, कॉपी करा आणि आधी नोट्समध्ये पेस्ट करा. सगळा मेसेज कॉपी होतो, म्हणून लिंक सोडून बाकीचं पुसा. लिंक बघून हाताने टाइप करायला जाऊ नका. तिरप्या रेघेनंतरच्या अक्षरांत कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तर बहुतेक वेळा दुसरीच लिंक होते.

बिट डॉट एलवायची लिंक असेल तर तिच्या शेवटी, मध्ये जागा न सोडता, + लावा आणि मगच ब्राउझरमध्ये उघडा. मूळ पानाऐवजी बिटलीचं माहितीचं पान येतं, त्यावर खरा पत्ता दिसतो. टायनीयूआरएलसाठी पत्त्याच्या सुरुवातीला, 'टायनीयूआरएल' या शब्दाच्या आधी, 'प्रिव्ह्यू' हा शब्द इंग्रजीत लिहून टिंब द्या. इज डॉट जीडीच्या लिंकला शेवटी - लावा. बाकीच्यांसाठी अनशॉर्टन डॉट इट किंवा चेकशॉर्टयूआरएलसारख्या साइटवर लिंक पेस्ट करा. उलगडून पुन्हा एखादी शॉर्ट लिंकच निघाली तर तीही तशीच उलगडा. फसवणारे मुद्दाम दोन-तीन लिंका एकापुढे एक जोडतात.

आता पत्ता मिळाला. तो वाचता येणं हेच खरं कौशल्य आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पहिली एकटी तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवांच्या साइटचा पत्ता 'सेवासिंधू डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. शेवट 'गव्ह डॉट इन', म्हणजे सरकारी. 'सेवासिंधू-कर्नाटक-गव्ह-इन डॉट एक्सवायझेड' यात सगळे शब्द ओळखीचे, पण मालक 'डॉट एक्सवायझेड'च्या आधीचं अख्खं जोडनाव विकत घेणारा कुणीही. त्या एकट्या रेघेच्या आधी @ दिसला तर आणखी सावध व्हा: ब्राउझर @च्या आधीचं सगळं सोडून देतो आणि नंतरच्या पत्त्यावर जातो. बँकेच्या नावाची लिंक असेल तर 'बँक डॉट इन' असा शेवट शोधा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

लिंकखाली सरकारी बोधचिन्ह आणि मुख्यमंत्र्यांचा फोटो दिसतोय म्हणून विश्वास ठेवू नका. ते चित्र आणि मथळा पान बनवणाराच ठरवतो.

या तपासणीला मर्यादाही आहेत. काही फसवी पानं, तपासणारी साइट आली तर तिला गूगलवर पाठवतात आणि अँड्रॉइड मोबाईल दिसला की एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल देतात. शिवाय बिटलीवर लिंक तीच ठेवून मागचा पत्ता बदलता येतो, म्हणजे काल तपासलेली लिंक आज तीच राहील असं नाही. आणि पासवर्ड बदलायची किंवा तुमच्या नावाची खासगी लिंक या तपासणाऱ्या साइटवर कधीच टाकू नका. काही साइटवर तपासलेल्या लिंका सगळ्यांना दिसतात.

तुमच्या मेसेजपुरतं माझं मत स्पष्ट आहे: गृहलक्ष्मीचे २००० रुपये थेट खात्यात जमा होतात, त्यासाठी कुठलीही लिंक लागत नाही. हप्ता अडकलाच असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन जवळच्या ग्राम वन केंद्रात, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्रात जा. मेसेजचं कन्नड आईला वाचता येत नसेल तर तेही तिथेच दाखवा, लिंक उघडून अर्थ लावायला जाऊ नका.

कुणी आधीच दाबली असेल तर घाबरू नका. नुसतं पान उघडल्याने सहसा खातं रिकामं होत नाही. नुकसान होतं ते ओटीपी किंवा कार्डाचा नंबर भरल्याने, नाहीतर ॲप बसवल्याने. एपीके फक्त डाउनलोड झाली असेल तर न उघडता डाउनलोड्समधून पुसा. ॲप बसवलं असेल तर आधी मोबाईलचं इंटरनेट बंद करा, कारण अशी ॲप मेसेज वाचायची परवानगी घेऊन ओटीपी पुढे पाठवतात. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, त्यानंतर ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत त्याची खूण काढून पुन्हा करून बघा.