नाव दिमित्रिस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या मुलाच्या अथेन्सच्या सहकाऱ्याचे नाव दिमित्रिस आहे. त्यात ‘मित्र’ अगदी स्पष्ट दिसतो. हे नाव संस्कृतातूनच तिकडे गेले असेल ना?

उत्तर : नाही. मात्र या नावात संस्कृतशी नाते सांगणारा एक शब्द खरोखरच आहे आणि तो ‘मित्र’ नसून ‘मातृ’ आहे. नावाचे औपचारिक रूप दिमित्रिओस. प्राचीन काळी त्याचा उच्चार साधारणपणे ‘देमेत्रिओस’ असा होत असे. पुढे ग्रीक भाषेत त्या दीर्घ ‘ए’चा ‘इ’ झाला आणि आपल्या कानांना ‘मित्र’ ऐकू येऊ लागला. धान्याची आणि सुगीची देवता देमेतेर हिच्या नावावरून हे नाव बनले असून त्याचा अर्थ ‘देमेतेरचा’ एवढाच. देवीच्या नावातला ‘मेतेर’ म्हणजे आई. डोरिक बोलीत तर तिला ‘दामातेर’ म्हणत, आणि तिथे ‘माता’ ओळखायला कोशही उघडावा लागत नाही. पहिल्या अक्षराचा अर्थ प्राचीन लेखकांनी ‘पृथ्वी’ असा लावला होता. आजच्या भाषाशास्त्रज्ञांना तो सरसकट मान्य नाही, आणि मलाही तो ओढूनताणून लावलेला वाटतो.

प्रश्न : ग्रीक लोक ख्रिस्ती झाले, तरी जुन्या देवीचे नाव मुलांना कसे देत राहिले?

उत्तर : तोपर्यंत त्या नावातली देवी कोणाला ऐकूच येत नव्हती. आपण ‘बुधवारी भेटू’ म्हणताना बुध ग्रह कुठे मनात असतो? इसवी सनापूर्वीच हे नाव राजांपासून कारागिरांपर्यंत रूढ झाले होते. त्यांपैकी सर्वांत गाजलेला मॅसिडोनियाचा राजा दिमित्रिओस, ज्याला ‘पोलिओर्केतेस’, म्हणजे शहरांना वेढा घालणारा, असे बिरुद मिळाले. त्याने इ.स.पू. ३०५ मध्ये ऱ्होड्सला वेढा घातला, पण वर्षभराने तो उठवावा लागला. मागे टाकलेली त्याची युद्धयंत्रे विकून आलेल्या पैशांतून ऱ्होड्सकरांनी सूर्यदेवाचा तो प्रसिद्ध महाकाय पुतळा उभारला, असे प्राचीन लेखक सांगतात.

नावाला दुसरा जन्म दिला तो थेसालोनिकीच्या संत दिमित्रिओस यांनी. चौथ्या शतकाच्या आरंभी, रोमन सम्राटांनी ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला असताना, त्यांना हौतात्म्य आले अशी परंपरा आहे. ते त्या शहराचे रक्षणकर्ते मानले जातात. त्यांचा सण २६ ऑक्टोबरला असतो. १९१२ मध्ये ऑटोमन सैन्याने हे शहर ग्रीक सैन्याच्या हवाली केले तेही, तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, नेमके याच दिवशी. संतांनीच शहर सोडवले, अशी श्रद्धा मग घट्ट न झाली तरच नवल.

प्रश्न : एकाच ग्रीक कुटुंबात तीन-तीन दिमित्रिस कसे? हे नाव इतके लोकप्रिय आहे का?

उत्तर : होय. योर्गोस, यानिस, कोस्तास आणि निकोस यांच्याबरोबर ते ग्रीसमधल्या सर्वाधिक प्रचलित पुरुषनामांत मोडते. याचे कारण फॅशन नसून आजोबा आहेत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि धाकट्याला बहुधा आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रीत तिथे अजून बरीच टिकून आहे, त्यामुळे एका दिमित्रिसच्या चार मुलांनी आपापल्या मुलाला वडिलांचे नाव दिले की चार चुलतभाऊ एकाच नावाचे होतात. मराठी वाचकाला हे परके वाटू नये : बाळाजी विश्वनाथांचे नातू बाळाजी बाजीरावच होते. मग घरात ओळखायचे कसे? एक मीत्सोस, दुसरा मीमिस, तिसरा ताकिस. मुलगी असेल तर दिमित्रा. रशियन दिमित्री हेही याच नावाचे भावंड आहे.

वाढदिवसापेक्षाही तिथे नावाचा दिवस मोठा मानण्याची पद्धत आहे. २६ ऑक्टोबरला ओळखीच्या प्रत्येक दिमित्रिसला फोन करून ‘ख्रोनिया पोल्ला’ म्हणायचे, म्हणजे ‘पुष्कळ वर्षे’, आपल्या ‘शतायुषी भव’च्या जवळचे. या सुमारास फुलणाऱ्या शेवंतीलाही ग्रीक लोक संत दिमित्रिओसांच्याच नावाने ओळखतात, आणि थंडीआधीच्या चार उबदार दिवसांना ‘संत दिमित्रिओसांचा छोटा उन्हाळा’ म्हणतात. आपल्या ऑक्टोबर हीटइतका तो तापदायक नसतो, म्हणूनच बहुधा त्याला संताचे नाव मिळाले.

प्रश्न : या नावाचा भारताशी काहीच संबंध नाही का?

उत्तर : आहे, आणि तो नाशिकपर्यंत येतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसराचा, ग्रीक राजा दिमित्रिओस (पोलिओर्केतेसहून वेगळा) याने हिंदुकुश ओलांडून भारताच्या वायव्य भागात सत्ता पसरवली. त्याच्या नाण्यांवर तो हत्तीच्या मस्तकाचे कातडे शिरस्त्राणासारखे घातलेला दिसतो : सोंड वर उचललेली, सुळे पुढे आलेले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतरा क्रमांकाच्या लेण्यात धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याचा दानलेख आहे. त्यात तो स्वतःला उत्तरेकडचा ‘योनक’, म्हणजे यवन, आणि ‘दातामितियक’, म्हणजे दत्तामित्री नगरीचा रहिवासी म्हणवतो. ही नगरी दिमित्रिओसच्या नावाने वसली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. तसे असेल, तर ‘देमेत्रिओस’ ऐकून त्यात ‘दत्त’ आणि ‘मित्र’ शोधणारे कान तुमच्यापेक्षा दोन हजार वर्षांनी जुने आहेत.