आगळासारखी लघवी, आणि दुखत काहीच नाही

वय 63, फोंडा. महिन्यापूर्वी एकदा लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल झाली. दुखले नाही, दुसऱ्या दिवशी साफ. उष्णता असेल का?

उष्णतेने लघवी गडद पिवळी होते, लाल नाही. आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का, आठवून बघा. नसेल तर हे रक्तच धरा. न दुखता आलेल्या रक्ताची मला जास्त धास्ती वाटते. मूतखडा माणसाला लोळवतो, म्हणून तो धावत येतो. मूत्राशयाच्या अस्तरावरची कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही. एकदा रक्त टाकते आणि महिनोन्महिने गप्प बसते. मधल्या काळात कुणी शहाळे पाजते, लघवी साफ होते आणि श्रेय शहाळ्याला जाते! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या, तरी खापर त्यांच्यावर फोडू नका. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे, तिन्ही करा. लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मूत्ररोग विभाग आहे. या आठवड्यातच जा.

पेडणे : बाबा विडी ओढतात. धूर छातीत जातो, मूत्राशयाशी त्याचा काय संबंध?

धुरातली विषे फुप्फुसातून रक्तात उतरतात, मूत्रपिंड ती गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. या कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो. सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो, पण वर्षे लागतात. बाबांना आजच सांगा.

वास्को : वीस वर्षे जहाजांना रंग मारतो. भीती आहे का?

थोडी आहे. 1895 मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा आजार प्रथम ओळखला. रंग बनवायची बेंझिडीनसारखी ती जुनी रसायने आता बरीच बंद झाली, तरी रंगाऱ्यांमध्ये हा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसतो, तोही कामाला लागल्यावर अनेक वर्षांनी. मास्क, हातमोजे वापरा, आणि डॉक्टरांना आपला धंदा न विचारता सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

म्हापसा : गाठ काढल्यावर आईला मूत्राशयात बीसीजी द्यायचे म्हणतात. ती तर क्षयाची लस ना?

तीच. नळीने आत सोडतात, साधारण दोन तास धरून ठेवायची, आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. तिने चिडलेली प्रतिकारशक्ती उरलेल्या पेशींवर तुटून पडते. दोन दिवस जळजळ होईल. ताप चढून उतरला नाही तर मात्र लगेच कळवा. हा आजार परतण्यात पटाईत आहे, म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांची दुर्बीण चुकवू नका, चतुर्थी असली तरी.