सार म्हणजे सारांश नव्हे

प्रश्न असा आला आहे: विनोबांनी आपल्या पुस्तकांना कुराण-सार, ख्रिस्तधर्म-सार अशी नावं दिली, म्हणजे ती पुस्तकं मूळ धर्मग्रंथांचे सारांश का? आणि बुद्ध, कबीर, तुकोबा अशा अनेकांची वचनं रोज वहीत उतरवून घेणाऱ्याने वहीवर 'माझा सार' असं लिहिलं तर चालेल का?

'माझा सार' अजिबात नको. सार नपुंसकलिंगी आहे, ते सार. 'गीतेचा सार' हे हिंदीचं वळण 'जो हुआ, अच्छा हुआ'च्या तसबिरीमुळे घरोघरी पोचलं. त्या तसबिरीतली वाक्यं गीतेच्या 700 श्लोकांत कुठेच नाहीत. शब्द बिघडला आणि गीतेच्या नावावर भलतंच खपलं, याचा मला खरोखर राग येतो.

सारांशाचं थोडक्यात उरकतो. सारांश म्हणजे मोठं बोलणं आटोपशीर करून सांगणं. विनोबांनी कुराणातल्या मूळ आयतीच, म्हणजे वचनंच, निवडून विषयवार लावल्या, स्वतःच्या शब्दांत गोषवारा दिला नाही. म्हणून ते सार.

कारण सार म्हणजे मुळात झाडाच्या खोडाचा गाभा! खैराचं खोड आडवं कापून पाहा. कडेला फिकट पिवळसर लाकूड, आत तांबूस, टणक. ते आतलं सार. त्याच्या ढलप्या उकळून, पाणी आटवून कात करतात, आणि संस्कृतात काताला खदिरसार असंच म्हणतात. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात बुद्धांचा दृष्टान्त आहे: गाभ्याच्या शोधात कुऱ्हाड घेऊन निघालेला माणूस केळ तोडतो, सोपटामागून सोपट काढत जातो, त्याला कच्चं लाकूडसुद्धा मिळत नाही, मग सार कुठलं? 'असार' या शब्दामागे हे चित्र आहे. केळ असार, खैर ससार.

आता आमसुलाचं सार. कोशकार आणि पाककृती लिहिणारे बिनदिक्कत सांगतात की हेही तेच संस्कृत सार, 'आमसुलाचा अर्क' म्हणून. मला हे साफ अमान्य आहे. संस्कृत वैद्यकात पातळ कढणाला यूष म्हणतात. गाभ्याचा टणक शब्द भातावर ओतायच्या पातळ पदार्थाला कशाला जाईल? शेजारी पाहा ना! कन्नडमध्ये अशाच पातळ, आंबट-तिखट पदार्थाला सारु म्हणतात. तमिळमध्ये चाऱु म्हणजे रस, उसाचा रस तो करुंबुच्चाऱु. आपलं ताटातलं सार दक्षिणेकडून आलं आणि इथे संस्कृत साराशी त्याचा उच्चार जुळला, असं माझं ठाम मत आहे. दिसायला संस्कृत तो प्रत्येक शब्द संस्कृतातूनच आला पाहिजे, हा हट्ट आता सोडावा. कुणाला संस्कृत पाकग्रंथात पातळ कढणाला 'सार' म्हटलेलं आढळलं, तर ओळ दाखवा, मी मत बदलेन.

वहीचं राहिलंच. 'वेचे' लिहा. वेचून घेतलेल्या उताऱ्यांना मराठीत हाच शब्द आहे.