मशीनवाल्या काकांना विचारा

प्रश्न : काकानू, सत्यनारायणाच्या रात्री आमच्या वाडीत गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ बसवतोय. मुलं म्हणतात, मूळ नाच फारच साधा आहे, उड्या-गिरक्या घालूया. सासऱ्यांना हे अजिबात मान्य नाही. ते तालमीला यायचेच बंद झालेत. काय करू? (एक सूनबाई, देवगड तालुका)

उत्तर : सासऱ्यांना आधी चहा दे आणि तालमीला घेऊन ये. त्यांचं बरोबर आहे.

सिनेमा १९५१चा. मी तो दाखवला बऱ्याच वर्षांनी, कुणकेश्वरच्या जत्रेत, तंबूत. सिनेमा दाखवायचं मशीन एकच. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं, मग दिवा लावून दुसरं चढवायचं. एका रात्री घाईत पुढचं रीळ आधी चढलं. सिनेमाचा हिरो प्यारेलाल नाटकात नाव कमावून सुटाबुटात घरी आला, आणि त्यानंतर बापाने त्याला घराबाहेर काढलं! तक्रार कोणी केली नाही. जाताना एक म्हातारा एवढंच म्हणाला, “बापूस कडक हा!” गाणं मात्र एकदा दाखवून भागायचं नाही. “गाणां परत लाव रे!” म्हणून ओरडा, पडद्यावर चिल्लरीचा पाऊस. सकाळी पोरं चाळणी घेऊन वाळूत बसायची.

आता नाच. भगवानदादा कुस्तीच्या नादाचा, मारामारीच्या सिनेमांतून आलेला जड अंगाचा माणूस. निर्माता, दिग्दर्शक आणि हिरोही तोच. समोर गीता बाली म्हणजे नुसती वीज. दादा तिच्याशी स्पर्धा करत नाहीत. कोपरं दुमडलेली, पाऊल जमिनीपासून जेमतेम सुटलेलं, खांदा मात्र ठेक्यावर. संगीतकार सी. रामचंद्रांनी गाण्यात बोंगो, म्हणजे हातांनी वाजवायची छोट्या ढोलांची जोडी, घेतले आणि चितळकर या नावाने लताबाईंबरोबर स्वतः गायले. बोंगोच्या दोन थापांमध्ये जी जागा सुटते, तिथे दादांचा खांदा पडतो. गिरकी घातलीत की ती जागा गेली. मग तुमची मुलं छान नाचतील, पण गाणं कुठलंही चालेल.

पहिले दोन दिवस मुलांना पाय हलवू देऊ नको, फक्त खांदे. कठीण जाईल, रडतील. विसर्जनाला हीच मंडळी न शिकवता दादांसारखी नाचतात, हे त्यांना सांग. कपड्यांवर खर्च नको. गाण्यात थाट हवाई बेटांचा आहे, आणि आपल्याकडे माडाच्या झावळ्यांना काय तोटा! कोवळ्या पाती चिरून कमरेला बांधा, आदल्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी. सुकल्या की टोचतात.

सासऱ्यांना मधे उभं कर. गुडघा धरला तर खुर्चीत बसूनही खांदा पडतो.

प्रश्न : भगवानदादांवर मराठीत सिनेमा आहे का? (वेंगुर्ला)

उत्तर : आहे. ‘एक अलबेला’, २०१६. मंगेश देसाई भगवानदादा झालेत, विद्या बालन गीता बाली. देसाईंचा खांदा पाहा, बरोबर पडतो.